इसार झाला, खरेदीखत बाकी

मामांची आणि माझी ओळख दारात झाली. उस्मानपुऱ्यात चष्म्याच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं आणि त्याच्या काचेच्या दाराला आमच्या साहेबांनी बंगळुरूहून आणलेलं एक यंत्र बसवलं होतं. अंगठा लावला की दार उघडायचं. एका दुपारी बघते तर बाहेर साठीकडं झुकलेला एक माणूस. पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं, पायात चपला. यंत्राला अंगठा लावायचा, दार उघडत नाही म्हणून तो शर्टाला पुसायचा आणि पुन्हा लावायचा. शेवटी मीच दार उघडलं.

"मॅडम, मुलाखतीला आलोय," तो म्हणाला. "पण तुमच्या कंपनीत अंगठाच लागतो का? मला सही बी येती."

हे मामा. ऑफिसातल्या सगळ्यांनी त्यांना पहिल्याच आठवड्यात मामा केलं. माझ्या साहेबांनी त्यांना काय पदवी दिली होती ती मी आता सांगत नाही, कारण ती म्हणायला मामांना चार वर्षांत जमली नाही आणि मलाही तिचा अर्थ लागला नाही. त्याआधीची सव्वीस वर्षं ते गुलमंडीत दुकानादुकानांतून फिरून अल्पबचतीचे हप्ते गोळा करायचे. कोणाच्या मुलीचं लग्न कधी, कोणाचा हप्ता कोणत्या तारखेला, कोणाला उधळपट्टीची सवय, सगळं तोंडपाठ.

आता आमची कंपनी काय करायची ते सांगते. सासरी मी हे सहा वर्षं समजावते आहे, अजून जमलेलं नाही. मोठ्या कंपन्या नोकरदारांना पगाराबरोबर एक कागद देतात. त्यात लिहिलेलं असतं, तू इतकी वर्षं टिकलास तर आमचे इतके शेअर आजच्या भावानं घ्यायचा हक्क तुझा. पुढं भाव चढला तर फायदा तुझा. मात्र नोकरी सोडलीस तर नव्वद दिवसांच्या आत पैसे भरायचे आणि शेअर नावावर करून घ्यायचे. एक्याण्णवाव्या दिवशी हक्क संपला, शेअर परत कंपनीच्या टोपलीत. लोक काय करतात? कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवतात, नोकरी बदलतात आणि विसरतात. अशा लोकांसाठी आम्ही मोबाइलवरचं अ‍ॅप काढलं होतं. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांशी करार केले होते. अ‍ॅपमध्ये रंगीत वर्तुळं होती, वर चढणाऱ्या रेघा होत्या, हक्क पक्का झाला की पडद्यावर फुलं पडायची. फक्त ते कोणी उघडत नव्हतं.

हे सगळं साध्या मराठीत समजावणारा माणूस हवा, म्हणून मुलाखती चालल्या होत्या. त्याआधी साहेबांनी पुण्याच्या काही मंडळींकडून सात मिनिटांचा व्हिडिओ करून घेतला होता. त्यात एक हत्ती होता. हत्ती कशासाठी ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मामांच्या हातात नमुन्याचा कागद दिला. त्यांनी तो वाचला, उलटा करून मागं काही लिहिलंय का ते बघितलं, आणि म्हणाले, "हा तर इसार हाय की."

साहेब म्हणाले, "म्हणजे?"

"प्लॉट घेताना आधी इसार देत नाय का? इसारपावती झाली म्हंजी प्लॉट तुमच्यासाठी राखला. पण तुमचा झाला नाय. मुदतीत पैसे भरून खरेदीखत करायचं, तवा तुमचा. हितं इसार नोटांनी दिला नाय, नोकरीतल्या वर्षांनी दिला, एवढाच फरक. इसार झाला, खरेदीखत बाकी हाय. मुदत गेली की प्लॉट गेला."

मी साहेबांकडं बघितलं. ते हत्तीचा विचार करत असावेत.

साहेब माणूस वाईट नव्हता. वय तिशीच्या आतबाहेर, इथलाच, पण बंगळुरूला चार वर्षं राहून आलेला, त्यामुळं बसायचं सोडून उभ्यानं मीटिंगा घ्यायचा. भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं होतं: इथं प्रत्येक कर्मचारी मालक आहे. मामा रोज सकाळी ते वाचायचे. एकदा मे महिन्यात त्यांनी मला हळूच विचारलं, "पोरी, माझ्या डोक्यावर पंखा पाहिजे. मी मालक हाय तर मग ते कोणाला सांगायचं?"

पंखा दिवाळीनंतर आला.

साहेबांनी मामांना पगार अर्धाच देऊ केला. उरलेल्या अर्ध्याच्या बदली आमच्याच कंपनीचे शेअर घ्यायचा हक्क, म्हणजे मामांच्या भाषेत इसार. दुसरा कोणी असता तर जिना उतरून गेला असता. मामांनी दोन दिवस मागितले आणि तिसऱ्या दिवशी तीन पेनांपैकी एक काढून सही केली. का केली ते त्यांनी मला पुढं सांगितलं. पुंडलिकनगरात खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ते बावीस वर्षं भाड्यानं राहत होते. अंगणात मामींची कर्दळ होती, कढीपत्त्याचं झाड होतं. घरमालकाच्या मुलांनी सांगितलं होतं, कधी विकलं तर आधी तुम्हालाच विचारू. मामांचा सगळा हिशेब त्या दोन खोल्यांवर होता. कंपनी चालली, भाव चढला की शेअर विकायचे आणि खोल्या घ्यायच्या. "मामीला एक दिवस डायरेक्ट खरेदीखत दाखवतो," म्हणायचे. "तिला नाय सांगितलेलं अजून. बाईमाणसाला आधी सांगितलं की रोज विचारती, झालं का, झालं का."

हे सांगणारा माणूस कोण, तर जो दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना फोन करायचा!

ही मामांची खास पद्धत. त्यांचं म्हणणं असं, की पुरुषाला तारीख सांगणं म्हणजे भिंतीला सांगणं. तारीख सांगायची ती घरच्या बाईला. फोन लावला की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "बसलात का? बसा आधी." मग दुसरं: "वहिनी हायेत का घरात? त्यायला बी बसवा. स्पीकरवर टाका." मग इसार, खरेदीखत, मुदत. बाईनं एकदा ऐकलं की काम झालं. पुढं त्या माणसाला जेवताना, आंघोळीच्या आधी, चपला घालताना आठवण होत राहायची. तेवढी आठवण करून देणारं अ‍ॅप अजून निघालेलं नाही.

आणि तारखा? आमच्याकडं भिंतभर पडदा होता, त्यावर सगळ्या ग्राहकांच्या मुदती लाल-हिरव्या चमकायच्या. मामा त्याच्याकडं पाठ करून बसायचे. त्यांच्यासमोर गुलमंडीच्या कापडवाल्यानं फुकट दिलेलं कॅलेंडर टांगलेलं असायचं. चतुर्थी, अमावास्येच्या शेजारी बारीक अक्षरांत नावं. कोणी नोकरी सोडली की नव्वद दिवस मोजून त्या चौकोनात नाव, त्याच्या तीन दिवस आधीच्या चौकोनात फोनची खूण. एकदा गावभर वीज गेली, आमचं ऑफिस दीड दिवस बंद. मामा मात्र जिन्यात बसून कॅलेंडर बघून फोन लावत होते.

एक किस्सा तर मी कित्येकांना सांगितलाय. वाळूजच्या एका सुपरवायझरनं कारखान्यातल्या साहेबाशी भांडून नोकरी सोडली होती. फोन उचलेना. मुदत संपायला आठ दिवस. मामांनी कुठून तरी घरचा नंबर मिळवला आणि वहिनींना लावला. "वहिनी, बसलात का? बसा आधी. तुमच्या साहेबांनी नोकरी सोडल्याला ब्याऐंशी दिवस झाले, आता..."

पलीकडून बाई म्हणाली, "नोकरी सोडली? मग सकाळी डबा घेऊन जातेत ते कुठं?"

झालं! दुसऱ्या दिवशी तो माणूस आमच्या ऑफिसात, दार यंत्रासकट हलवत. "कोण तो मामा? क्या मियाँ, घर तोडायचा धंदा लावलाय का?" मामा खुर्ची पुढं करून म्हणाले, "बसा आधी." साहेब आतून ओरडत आले, "मामा, प्रायव्हसी! लोकांची खासगी माहिती आहे ही!" मामा शांतपणे म्हणाले, "नवराबायकोत कसली आली खासगी माहिती? हिच्या घरात पैसा येणार का नाय, हे हिलाच माहीत नको व्हय?" त्या वहिनी मागोमाग आल्याच होत्या. त्यांनी तिथंच नवऱ्याला बसवून पैसे भरायला लावले, सही करून घेतली आणि मगच त्याला घरी नेऊन काय बोलायचं ते बोलल्या. दोन महिन्यांनी दोघं पेढे घेऊन आले. पेढे मामांच्या हातात वहिनींनी दिले, तो माणूस दाराकडं बघत उभा होता.

असे चार वर्षं फोन. मग आमच्याकडं पैसा घालू म्हणणारी पाहुणेमंडळी येऊ लागली. त्यांना मामा दाखवले तर ती कौतुकानं हसायची, फोटो काढायची, आणि खाली उतरल्यावर साहेबांना विचारायची, हे असं किती दिवस माणसाच्या तोंडानं चालवणार? साहेबांनी मग बोलणारं यंत्र घेतलं. त्याचा आवाज बाईचा, नाव काहीतरी गोड. ती एका दमात शेकडो लोकांना फोन लावायची आणि म्हणायची, "नमस्कार. आपला समभाग-अधिकार लवकरच व्यपगत होत आहे." बिडकीनच्या एका म्हातारीनं तिला उलट विचारलं, "बाई, कोण गेलं?" निम्म्या लोकांना ती कोर्टाची नोटीस वाटली, बाकीच्यांना निवडणुकीचा प्रचार. पण आकडा मोठा दिसत होता: आज इतके फोन गेले. फोन गेले एवढंच मोजायचं असतं, माणूस बसला का ते मोजायचं नसतं, हे मला तेव्हा शिकायला मिळालं.

मामांना निरोप दिला तो रीतसर. केक होता, केकवर कंपनीचं चिन्ह होतं. साहेब म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब आहोत. मामांनी केक कागदात बांधून घेतला, "मामीला," म्हणाले. जाताना ते साहेबांना म्हणाले, "माझे नव्वद दिवस आजपासून ना?" साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "मामा, तुम्ही काळजीच करू नका. वेळेवर तुम्हाला फोन येईल. ते तर आपलं कामच आहे!" सगळे हसले. मीही हसले.

आता पुढचं सांगायला मला जड जातंय, पण सांगते.

मामा कंपनीतून गेल्यानंतर पाच-एक महिन्यांनी मला एक पत्र मिळालं. कंपनीत टिकून राहिल्याबद्दल माझ्या नावावर आणखी शेअरांचा हक्क. घसघशीत. मी खुशीत साहेबांच्या केबिनमध्ये गेले. सहज विचारलं, टोपली तर रिकामी होती, हे आले कुठून?

"मामांचे परत आले ना," साहेब फोनमधून मान वर न काढता म्हणाले. "नव्वद दिवसांत क्लेमच केला नाही त्यांनी."

मला आधी खरंच वाटेना. मी जागेवर जाऊन सिस्टिम उघडली. मामांना एकही फोन गेलेला नव्हता. त्यांच्या नावापुढं बारीक खूण होती: टेस्ट. आणि ती खूण मीच केलेली होती. सुरुवातीच्या दिवसांत कारखान्यांना दाखवायचे आकडे स्वच्छ हवेत म्हणून साहेबांनी सांगितलं होतं, आपल्या स्वतःच्या माणसांना ग्राहकांत धरू नकोस. मी आमच्या सगळ्यांच्या नावापुढं टेस्ट लिहून टाकलं होतं. टेस्टवाल्यांना फोन जात नसे. साऱ्या जगाला मुदतीची आठवण करून देणाऱ्या कंपनीनं आपल्याच माणसांना यादीतून काढलं होतं, आणि ते काढणारी होते मी. मी माझ्याच हातानं मामांचं घर पुसलं होतं. दुसऱ्या कुणाला दोष द्यायला जागाच नव्हती.

पुन्हा केबिनमध्ये गेले. म्हटलं, चूक आपली आहे, मामांचे शेअर परत द्या. साहेब खरंच हळहळले. मग म्हणाले, "वाटप झालंय आता. बोर्डानं पास केलंय. आणि नियम सगळ्यांना सारखा, हे तर मामाच सांगायचे." मी मग माझं पत्र त्यांच्या टेबलावर टाकून बाहेर पडले का? नाही. ते माझ्या पर्समध्येच होतं. घराचे हप्ते चालू होते, असं मी मनाला सांगितलं.

संध्याकाळी पुंडलिकनगरात गेले. मामी कर्दळीला पाणी घालत होत्या. मामा आत कॅलेंडरखाली बसलेले. मी उभ्या उभ्याच बोलून टाकलं, की मामा, तुमची मुदत गेली, फोन गेला नाही, चूक माझी.

मामा म्हणाले, "बस आधी."

"मामा, तुम्ही साऱ्या जगाच्या तारखा लक्षात ठेवता. तुमचीच कशी विसरलात?"

त्यांनी कॅलेंडरचं पान मागं उलटलं. त्या चौकोनात त्यांचं स्वतःचं नाव होतं. तीन दिवस आधीच्या चौकोनात फोनची खूण होती. "इसरलो नव्हतो," ते म्हणाले. "पैसे बी काढून ठेवले होते. लई नव्हते, एका फ्रिजएवढे. शेवटचे तीन दिवस मोबाइल चार्जिंगला लावून बसलो. म्हणलं, येईल. मालक बोलला हाय."

"अहो, पण एकदा ऑफिसात आला असतात तर! मला फोन केला असता तर!"

"व्हय, केला असता तर झालं असतं," मामा म्हणाले. चष्मा काढून त्यांनी तो शर्टाला पुसला. "पोरी, चार वर्षांत किती लोकायला मी फोन लावले. म्हणलं, एक फोन आपल्या नावाचा येतो का बघावं. येडेपणाच झाला. पण लई वाटत होतं, येईल म्हून."

मी रडले. तिथंच, पर्स पोटाशी धरून.

तेवढ्यात मामी दारात. हातात पाण्याची बादली. "कसले शेअर? कसली मुदत?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी मामींना सगळं सांगितलं. अर्धा पगार का, चार वर्षं काय चाललं होतं, या खोल्यांचं काय ठरलं होतं. मामी ऐकत होत्या. मग त्यांनी बादली खाली ठेवली.

"साऱ्या संभाजीनगरातल्या बायकांना ह्यांनी फोन लावले," त्या मला म्हणाल्या, मामांकडं न बघता. "वहिनी बसा, वहिनी ऐका. आन् घरातली वहिनी हितं भांडे घासत बसली. मला एक शब्द टाकला असता तर मी पदर खोचून गेले असते तुमच्या हापिसात. खरेदीखत घेऊनच उठले असते."

मामा म्हणाले, "तुला एकदम दाखवायचं होतं."

"काय दाखवलंत?" मामी म्हणाल्या, आणि आत गेल्या. चहा केला नाही. मीही थांबले नाही.

त्यानंतर पाहुण्यांनी खरंच पैसा घातला. भाव असा चढला, की मामांच्या वाट्यात त्या दोन खोल्या अंगणासकट आल्या असत्या. घरमालकाच्या मुलांनी शब्द पाळला, आधी मामांनाच विचारलं. मग दुसऱ्याला विकलं. मामा-मामी हर्सूलकडं कुठंतरी राहायला गेले, एवढंच कानावर आलं. मला जायचं धाडस झालं नाही. काय तोंड घेऊन जायचं?

दीडएक वर्षानं ऑफिस पुण्याला हललं. मी गेले नाही. मलाही केक मिळाला, मीही कुटुंबातलीच होते. नंतर दुसरी नोकरी, मुलीची शाळा, सासूबाईंचा मोतीबिंदू. तुम्हाला वाटेल, हिला तरी तारीख लक्षात असेल. नव्हती. देवाशपथ सांगते, नव्हती. कुठंतरी मनात होतं, वेळ आली की फोन येईलच. आणि माझ्या नावापुढं टेस्ट मीच लिहून ठेवलं होतं.

परवा सकाळी डबे भरत होते. अनोळखी नंबर. उचलला.

"बसलीस का? बस आधी."

मी पोळीच्या डब्यासकट खाली बसले.

"पोरी, तुझे सत्त्याऐंशी दिवस झाले. तीन राह्यले. इसार झाला, खरेदीखत बाकी हाय. जावईबापू हायेत का घरात?"

"मामा, तुम्हाला कसं कळलं?"

"ऑफिस पुण्याला चाललं म्हून पेपरात तारखेसकट आलं होतं. तू काय जात नसतीस. लगेच कॅलेंडरात लिहून ठेवलं. हिकडं आलो तरी कॅलेंडर आणलंय. मामीनं कर्दळ बी आणली, पण ती काय धरंना."

नवरा दाढी अर्धवट ठेवून बाहेर आला, कोण आहे म्हणून विचारत. मी त्याला या शेअरांबद्दल अवाक्षर सांगितलेलं नव्हतं. कुठून आले ते सांगावं लागलं असतं ना! पण मामांना सांगायलाच हवं होतं. मी म्हटलं, "मामा, यातले निम्मे तुमचे आहेत. तुमचेच माझ्या नावावर आलेत. त्या दिवशी पत्र माझ्या पर्समध्ये होतं, मी बोलले नाही."

पलीकडं मामी कुणाला तरी काहीतरी म्हणत होत्या, तेवढं ऐकू आलं.

"ठावं हाय मला," मामा म्हणाले. "टोपलीत पडलेले शेअर पुढं कुठं जातेत, हे मीच चार वर्षं लोकायला सांगितलं की. म्हून तर फोन केला. एकदा वाया गेले, आता दुसऱ्यांदा नको. दे, जावईबापूला दे."

मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. स्पीकर चालूच होता.

"जावईबापू, नमस्कार. बसलात का? बसा आधी."